सही कर्टिसची

सप्टेंबर 1970. शिकागोच्या कर्टॉम नावाच्या छोट्या कंपनीनं एक नवी तबकडी बाजारात आणली. मुखपृष्ठावर पिवळ्या कपड्यांत बसलेला 28 वर्षांचा कर्टिस मेफील्ड. फोटो खालून वर घेतलेला, त्यामुळे मूळचा लाजाळू माणूस एकदम उंच दिसतो. अल्बमचं नाव ‘कर्टिस’, एवढंच. आत आठ गाणी. शब्द त्याचे, चाली त्याच्या, गळा त्याचा, निर्मिती त्याची. कर्टॉम ही कंपनीही त्याचीच, भागीदारीत. ‘द इम्प्रेशन्स’ या त्रिकुटातून बाहेर पडल्यानंतरचा हा त्याचा पहिलाच स्वतंत्र अल्बम.

सगळं स्वतःचं, ही माहिती ऐकून माणसं दोनपैकी एका बाजूला कलतात. काहींना तो एकांड्या प्रतिभेचा चमत्कार वाटतो, काहींना हट्टी माणसाचा घरगुती उद्योग. मी बरीच वर्षं पहिल्या गटात होतो. मग तबकडीच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला लागलो आणि एकेक समज गळत गेला.

गैरसमज : स्वतः निर्मिती केली म्हणजे पदरचे पैसे घातले

हा घोटाळा आपल्या भाषेमुळे होतो. मराठीत ‘निर्माता’ म्हटलं की सिनेमाचा निर्माता डोळ्यांपुढे येतो: पैसे लावणारा, मुहूर्ताला नारळ फोडणारा, सिनेमा पडला की घर गहाण टाकणारा. रेकॉर्डच्या धंद्यातला प्रोड्यूसर वेगळा. त्याचं काम सिनेमाच्या दिग्दर्शकाच्या जवळ जातं. कुठला वादक बोलवायचा, ताल कितीवर धरायचा, दहा टेकमधला कुठला ठेवायचा, व्हायोलिनं किती मागे दाबायची, गाणं तीन मिनिटांत संपवायचं की नऊ मिनिटं चालू द्यायचं, हे तो ठरवतो.

त्या काळात हे फार मोठं होतं. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीत गाणी लिहिणारे वेगळे, ध्वनिमुद्रण सांभाळणारे वेगळे, गाणारे वेगळे. कारखानाच तो, आणि उत्तम चालणारा. तिथल्या मार्विन गेनं स्वतः निर्मिती केलेला ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ 1971च्या मे महिन्यात आला. स्टीव्ही वंडर त्याच महिन्यात 21 वर्षांचा झाला, आणि त्यानंतर कुठे त्यानं कंपनीकडून आपल्या संगीतावरचा ताबा मिळवला. ‘कर्टिस’ या दोघांच्या आधीचा आहे. ‘मूव्ह ऑन अप’ हे गाणं जवळजवळ नऊ मिनिटं चालतं, कारण ते कापा असं सांगणारा कुणी खोलीत नव्हता. खोलीत हुकूम चालत होता तो गाणाऱ्याचाच.

गैरसमज : ‘स्वतः’ म्हणजे एकट्यानं

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात चिवट समज हाच.

‘कर्टिस’मध्ये तंतुवाद्यांचा ताफा आहे, पितळी वाद्यं आहेत, हार्प आहे. ते सगळं वाद्यवृंदासाठी कागदावर उतरवणारे संयोजक होते रायली हॅम्प्टन आणि गॅरी स्लाबो. कोंगांवर हेन्री गिब्सन. हा माणूस कर्टिसच्या संगीताचा अर्धा श्वास आहे, असं माझं मत. त्याचे कोंगे बाजूला काढले तर खाली जे उरतं ते सुंदर असेल, पण चालणार नाही; बसून राहील. चार महिन्यांनी, जानेवारी 1971मध्ये, कर्टिसनं न्यूयॉर्कच्या ‘बिटर एंड’ या क्लबात लोकांसमोर अल्बम ध्वनिमुद्रित केला, तेव्हा त्यानं व्हायोलिनं नाहीत, पितळी वाद्यं नाहीत, स्वतःला धरून फक्त पाच माणसं ठेवली: दोन गिटार, बास, ड्रम आणि गिब्सनचे कोंगे. काय कमी करता येतं आणि काय नाही, ते त्याला ठाऊक होतं.

मुंबईच्या सिनेसंगीताशी ज्यांचा थोडाफार संबंध आला आहे त्यांना हे नवं वाटणार नाही. आपल्याकडे संगीतकार पेटीवर चाल द्यायचा आणि अनिल मोहिल्यांसारखे संयोजक तिला वाद्यमेळाचं अंग द्यायचे. श्रेयनामावलीत एकाचं नाव ठळक, दुसऱ्याचं ‘साहाय्यक’ म्हणून, आणि रसिकांच्या तोंडी तर पहिल्याचंच. शिकागोतही हेच. साठच्या दशकात इम्प्रेशन्सच्या गाण्यांना जे भारदस्त रूप मिळालं ते जॉनी पेट या संयोजकामुळे. 1972च्या ‘सुपर फ्लाय’ या चित्रपटाच्या संगीतासाठी कर्टिसनं पुन्हा पेटलाच बोलावलं. अल्बम अफाट गाजला. नंतर पेटनं सांगितलं की त्यातल्या शब्दांविना वाजणाऱ्या तुकड्यांत आपला वाटा संयोजकापेक्षा जास्त होता आणि श्रेय मात्र मिळालं नाही. दोघांचं बिनसलं.

कोण खरं, हा निकाल मी देऊ शकत नाही, देणारही नाही. पण ‘लेखन, संगीत, निर्मिती : अमुक’ अशी ओळ कुठेही वाचली की तिच्याखाली न छापलेली आणखी चार नावं असू शकतात, हे त्या भांडणानं मला शिकवलं. ती ओळ सही कोणाची ते सांगते. हात किती होते, हे तिच्यावरून कळत नाही.

गैरसमज : शिक्षण नव्हतं, म्हणून संगीत भाबडं

कर्टिस शाळा अर्धवट सोडलेला. शिकागोच्या कॅब्रिनी-ग्रीन या गरीब वस्तीत वाढलेला, गाणं आजीच्या चर्चमध्ये शिकलेला. गिटार कुणी शिकवली नाही. ती सुरात कशी लावतात हेही कुणी सांगितलं नाही. पियानोच्या काळ्या पट्ट्यांवर बोटं फिरवायची सवय होती, तेच स्वर त्यानं तारांवर आणले.

याचा अर्थ पेटी वाजवणाऱ्या मराठी माणसाला पटकन कळेल. ‘काळी तीन’ला सा धरा आणि फक्त काळ्या पट्ट्यांवर फिरा: सा, रे, ग, प, ध. भूप! मध्यम नाही, निषाद नाही, बोट चुकायची सोयच नाही. कर्टिसची गिटार याच काळी तीनवर लागलेली होती. मोकळ्या तारा छेडल्या की सा, ग, प, सा, ग, सा असा सरळ झंकार उठायचा. जगातले बहुतेक गिटारवादक तारा वेगळ्या लावतात, त्यामुळे त्याची गिटार दुसऱ्या कुणी हातात घेतली की वाजवणारा गोंधळायचा. आणि त्याच्यासारखं वाजवायला बसलेला माणूस नेहमीच्या पद्धतीनं तारा लावून तो नाद काढूच शकायचा नाही. पुढेही त्यानं हे लावणं बदललं नाही. बदलायचं कशाला? आपली खूण कोणी पुसत नाही.

राग म्हणून तो भूप गात होता असं मी म्हणत नाही, उगाच नातं जोडायला नको. सामग्री एक असली तरी स्वयंपाक वेगळा.

गैरसमज : तो उंच आवाज नाटकी आहे

आपल्याकडे असा पातळ, वरचा आवाज लावला तर गुरुजी ‘चोरटा आवाज’ म्हणून टोकतील. अमेरिकेतल्या काळ्या चर्चच्या चौकडीच्या गायकीत मात्र फॉल्सेटो हा मानाचा आवाज होता. ‘स्वान सिल्व्हरटोन्स’चा क्लॉड जीटर त्यात नावाजलेला. कर्टिस त्या घरातला. कठोर शब्द तो ओरडून म्हणत नाही, हळुवार म्हणतो, आणि म्हणून ते जास्त लागतात.

गैरसमज : ‘इंडिपेंडंट’ म्हणजे कंपनीशी संबंध नाही

कर्टॉम हे नाव ‘कर्टिस’ आणि ‘टॉमस’ या दोन नावांतून जुळवलेलं. एडी टॉमस हा त्याचा भागीदार. 1968 साली दोघांनी हे लेबल काढलं. पण लेबल काढणं म्हणजे तबकड्या देशभर पोचवणं नव्हे. कारखान्यातून माल उचलायचा, शेकडो शहरांतल्या दुकानांत ठेवायचा, उधारी वसूल करायची, रेडिओवाल्यांच्या मागे लागायचं, यासाठी गोदामं लागतात, माणसं लागतात, आणि मुख्य म्हणजे महिनोनमहिने पैसे अडकवून ठेवायची ताकद लागते. ती कर्टॉमकडे नव्हती. म्हणून वितरण दिलं न्यूयॉर्कच्या ‘बुद्धा’ या कंपनीकडे.

गंमत अशी, की बुद्धाची ओळख होती ‘बबलगम’ संगीताची. शाळकरी पोरांसाठी चघळून टाकायची गोड गाणी. नरक, वर्णद्वेष आणि बायबलमधलं प्रकटीकरणाचं पुस्तक यांनी सुरू होणारा अल्बम त्याच गाड्यांतून दुकानात गेला. आणि खपला! अमेरिकेच्या सर्वसाधारण यादीत 19व्या क्रमांकापर्यंत, सोल अल्बमांच्या यादीत पहिला.

पुढे 1975मध्ये कर्टॉम बुद्धा सोडून वॉर्नरकडे गेलं, मग आणखी एका वितरकाकडे, आणि 1980मध्ये बंद पडलं. वितरकाच्या दारात उभं राहणं शेवटपर्यंत सुटलं नाही. कर्टिस स्वतंत्र होता तो निर्णयापुरता आणि मालकीपुरता. वाहतुकीपुरता कधीच नव्हता. हा भेद न कळल्यामुळे आजही कितीतरी गुणी पोरं ‘मी इंडिपेंडंट’ म्हणत, मिळेल तो करार न वाचता सही करून मोकळी होतात.

गैरसमज : गाणं एक, मालकी एक

मालक्या दोन असतात. एक गाण्याची, म्हणजे शब्द आणि चालीची. दुसरी त्या गाण्याच्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची, ज्याला धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात. पहिली साधारणपणे प्रकाशकाकडे जाते, दुसरी रेकॉर्ड कंपनीकडे. गाणारा बऱ्याचदा दोन्हीकडून रिकामा.

कर्टिसला हे फार लवकर उमगलं. 1960च्या आसपास, अठरा-एकोणीस वर्षांचा असताना, त्यानं स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. लेबल आलं त्यानंतर आठ वर्षांनी! लोक आधी लेबल काढतात, झगमग त्यात आहे. प्रकाशनसंस्था म्हणजे कपाटातली एक फाईल. पण हिशेब करून पाहा. अमेरिकेत 1909च्या कायद्यानं विकल्या गेलेल्या दर तबकडीमागे एका गाण्याचे जास्तीत जास्त 2 सेंट ठरवले होते, आणि हा दर 1978 उजाडेपर्यंत तसाच राहिला. आठ गाण्यांचे झाले 16 सेंट. रिवाजाप्रमाणे त्यातले निम्मे प्रकाशकाचे, निम्मे लिहिणाऱ्याचे. दुसऱ्याच्या प्रकाशनसंस्थेकडे गेलेल्या पोराला मिळाले असते 8. कर्टिसकडे दोन्ही खिसे स्वतःचेच. शिवाय दुसऱ्या कुणी ते गाणं गायलं तरी पैसे याच कपाटाकडे यायचे, आणि त्याची गाणी पुष्कळांनी गायली.

आपल्याकडे हाच प्रश्न साठच्या दशकात लता मंगेशकरांनी लावून धरला होता. गाणाऱ्याला रॉयल्टी हवी, असं त्यांचं म्हणणं. गाण्याचे पैसे घेतले की आपला हक्क संपला, असं महंमद रफींचं. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा करारानं काढून घेता येणार नाही, ही तरतूद भारताच्या कायद्यात यायला 2012 उजाडलं. कॅब्रिनी-ग्रीनच्या शाळा सोडलेल्या पोराला ते पन्नास वर्षं आधी कळलं होतं, याचं मला आजही नवल वाटतं.

गैरसमज : सोल म्हणजे प्रेमाची आणि प्रेमभंगाची गाणी

‘कर्टिस’मध्ये ‘द मेकिंग्ज ऑफ यू’ हे नितांत हळवं प्रेमगीत आहे, नाही असं नाही. पण अल्बम सुरू होतो तो एका बाईच्या बोलण्यानं. ती बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकाविषयी बोलते, मग खरखरणारा बास येतो, आणि मग कर्टिस सगळ्यांनाच, गोऱ्यांना, काळ्यांना, पोलिसांना, नेत्यांना, नरकाचं आमंत्रण देतो. ‘वुई द पीपल हू आर डार्कर दॅन ब्लू’ हे गाणं तर आपल्याच माणसांना आरसा दाखवतं. कानउघाडणी आहे ती. बरोबर मध्यावर ताल बदलतो, कोंगे उसळतात, आणि परत शांत.

हे त्यानं 1970ला अचानक सुरू केलं असंही नाही. इम्प्रेशन्ससाठी लिहिलेली ‘कीप ऑन पुशिंग’ (1964) आणि ‘पीपल गेट रेडी’ (1965) ही गाणी नागरी हक्क चळवळीतल्या लोकांनी आपली म्हणून गायली. ‘वुई आर अ विनर’ हे पुढचं गाणं तर काही रेडिओ स्टेशनांनी वाजवायलाच नकार दिला. त्या गाण्यांमागचं काळ्या अमेरिकेचं वारं आपल्यापर्यंतही आलं होतं: 1972 साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी दलित पँथर उभी केली, तेव्हा नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. कर्टिसच्या तबकड्या तेव्हा सिद्धार्थ विहार वसतिगृहात वाजत होत्या असला दावा मी करणार नाही. पण ‘सोल’ हा शब्द ऐकून मेणबत्त्या आणि मखमली सोफा आठवणाऱ्यांनी ही गाणी लक्षात ठेवावीत.

गैरसमज : ‘सुपर फ्लाय’नं अमली पदार्थांचं उदात्तीकरण केलं

चित्रपटाबद्दल भांडा हवं तर. कर्टिसला स्वतःलाच पडद्यावरची दृश्यं कोकेनच्या जाहिरातीसारखी वाटली होती, आणि म्हणून त्यानं गाण्यांत उलट बाजू मांडली. पडद्यावर नायकाची ऐट, तर गाणं मेलेल्या फ्रेडीचा शोक करतं. पण चित्रपटात ‘फ्रेडीज डेड’ शब्दांविना, नुसत्या वाद्यांवर वाजतं, आणि त्यामुळे ते ऑस्करच्या शर्यतीत उतरूच शकलं नाही. शब्द ऐकायचे तर तबकडीच घ्यावी लागते. लोकांनी घेतली, 1972च्या ऑक्टोबरात ती अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली आणि चार आठवडे तिथेच राहिली.

गैरसमज : कलाकाराचं स्वातंत्र्य ही इंटरनेटची देणगी

आज लंडनच्या रे या गायिकेचं उदाहरण दिलं जातं, आणि योग्यच आहे. कंपनी आपला अल्बम काढत नाही अशी तक्रार तिनं 2021मध्ये जाहीरपणे केली, करारातून बाहेर पडली, 2023च्या फेब्रुवारीत ‘माय ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी ब्लूज’ स्वतःच्या बळावर आणला आणि 2024च्या ब्रिट पुरस्कारांत एका रात्रीत सहा पुरस्कार नेले. विक्रमच तो. पण तिच्याही अल्बमच्या निर्मितीत माइक सॅबाथ हा साथीदार आहे, आणि अल्बम पोचवायला वितरक आहे. कर्टॉमच्या काळापासून यात काय बदललं? गोदामाच्या जागी सर्व्हर आला.

आणि कर्टिससुद्धा पहिला नव्हेच. सॅम कुकनं साठच्या दशकाच्या उंबरठ्यावर एसएआर हे स्वतःचं लेबल आणि प्रकाशनसंस्था काढली होती. रे चार्ल्सनं एबीसी-पॅरामाउंटशी करार करताना आपल्या मास्टरची मालकी मागून घेतली होती. साखळी आहे ही, आणि तिच्या प्रत्येक कडीवर कुणीतरी बारीक टायपातला करार बसून वाचला आहे.

राहता राहिला शेवटचा अल्बम. 13 ऑगस्ट 1990 रोजी ब्रुकलिनमधल्या एका उघड्या मंचावर दिव्यांचा सांगाडा कर्टिसच्या अंगावर कोसळला आणि मानेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. काळी तीनवर लागलेली गिटार त्यानंतर त्यानं वाजवली नाही. 1996चा ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’ त्यानं उताणं पडून, फुप्फुसांत मावेल तेवढ्या श्वासात, एकेक ओळ करून गायला. तो वॉर्नरनं काढला, आणि त्यावर निर्माते म्हणून बऱ्याच जणांची नावं आहेत. ‘सगळं स्वतःचं’ या कसोटीवर तो अल्बम नापास होतो. मला तर तो ‘कर्टिस’इतकाच त्याचा वाटतो. 26 डिसेंबर 1999 रोजी तो गेला. सहा वर्षांनी कान्ये वेस्टच्या ‘टच द स्काय’मध्ये ‘मूव्ह ऑन अप’ची तीच पितळी ललकार वाजली आणि लेखकांच्या यादीत मेफील्ड हे नाव पुन्हा छापलं गेलं.

‘मूव्ह ऑन अप’ शोधाल तर दोन सापडतील. रेडिओसाठी कापलेलं तीनेक मिनिटांचं सोडून द्या, अल्बममधलं पूर्ण लांबीचं लावा. निम्म्याच्या आसपास कर्टिस गायचं थांबवतो. तिथे बंद करू नका. तिथून पुढे हेन्री गिब्सनचे कोंगे ऐका.